डावीकडची खिडकी

एस.टी.त खिडकीची जागा धरायची तर रुमाल टाकावा लागतो. विमानात रुमाल चालत नाही, तिथे नकाशा लागतो. हे आम्हाला शिकायला मिळाले ते अम्मीमुळे.

अब्बांच्या पश्चात मोरगावचे घर विकावे लागले. आम्ही बारामतीला उर्दू शाळेत शिक्षक; भाड्याच्या दोन खोल्यांत अम्मीची नीट सोय होईना. ती कायमची भाईजानकडे बेंगळुरूला जाणार, असे ठरले. हे लिहिताना आजही आमची मान खाली जाते. गुडघ्यांमुळे रेल्वे जमणार नव्हती, म्हणून विमान. अम्मीने एकच विचारले, "ऊपर से अपना गाँव दिखेगा क्या?"

उत्तर ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात भारताचा नकाशा पसरला आणि पुणे ते बेंगळुरू पट्टीने रेघ ओढली. रेघ आग्नेयेला उतरली. तीच दिशा जिल्ह्याच्या नकाशावर धरली, तर ती जेजुरीजवळून गेली आणि मोरगाव तिच्या पूर्वेला राहिले. म्हणजे गाव डाव्या हाताला, सुमारे पंधरा किलोमीटरवर. एका रांगेत सहा आसने असली की डावी खिडकी 'ए', उजवी 'एफ'.

"सर, सूरज किधर होगा?" सातवीतल्या एका मुलीने विचारले. आम्ही चपापलो. आम्ही सकाळचे विमान पाहून ठेवले होते! सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे नेमका डाव्या खिडकीतून डोळ्यांवर. दुपारनंतर तो पाठीमागे पश्चिमेला जातो, डावीकडची जमीन उजळते, आणि कलत्या उन्हात लहान टेकडीचीही सावली पडून उंचसखल कळते. आम्ही दुपारचे विमान घेतले. दिवस दिवाळीच्या सुट्टीतला, कारण पावसाने हवा धुतलेली असते. पंखावरची ओळ टाळली. जागेचे वेगळे पैसे पडले, तेही भरले.

आमच्या मनात मयूरेश्वराचे मंदिर होते. त्याच्या चार कोपऱ्यांना मिनार आहेत; नवखा माणूस लांबून मशीदच समजतो. घरी येणाऱ्या पाहुण्यांना अम्मी तीच खूण सांगायची. पण हिशेब केला तेव्हा निराशा झाली. पंधरा किलोमीटरवरून चांगल्या डोळ्यालाही चार-साडेचार मीटरपेक्षा लहान वस्तू वेगळी दिसत नाही. मिनार काही दिसणार नव्हते. अम्मीला आम्ही हे सांगितले नाही.

विमान उडाले, वळले. अम्मीने कपाळ काचेला टेकवले. थोड्या वेळाने खाली नाझरे धरणाचे पाणी चमकले. "अम्मी, ती कऱ्हा. तिच्या काठाने पुढे बघ."

कऱ्हा म्हणजे तपकिरी जमिनीवरचा एक वाकडा दोरा होता. त्याच्यापलीकडे, दक्षिणेला, एकदम गर्द हिरवे सुरू होत होते. सुरीने कापावी तशी सीमा. तो नीरा डावा कालवा. १८८० च्या दशकात तो झाला आणि त्याच्याखालचा भाग उसाचा झाला. आमचे गाव अलीकडच्या जिरायत पट्ट्यात राहिले. वर्गात हा धडा आम्ही किती वेळा शिकवला असेल. पण आमची विहीर का आटायची, घर का विकले गेले, ते सारे त्या एका सीमारेषेत असे मांडलेले पहिल्यांदाच पाहिले.

अम्मी मंदिर शोधतच नव्हती. तपकिरी भागातल्या एका चमकत्या ठिपक्यावर तिने बोट ठेवले. "वो तालाब देख. बहात्तर के दुष्काळ में मिट्टी हमने ढोई थी. माँ के साथ." १९७२ साली ती बारा वर्षांची होती. दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीबद्दल ती बोलायची, तलावाबद्दल कधी बोलली नव्हती. तसे पाझर तलाव त्या भागात पुष्कळ आहेत. तो तिचाच होता का, हे आम्ही विचारले नाही. मास्तरकी एवढी तरी आवरता आली.

दोन-तीन मिनिटांत सगळे मागे गेले. बेंगळुरू येईपर्यंत ती काचेपासून हलली नाही.

परतताना आम्ही एकटेच होतो. येताना तीच बाजू उजवी होते, म्हणून 'एफ' घेतली. विमान रात्रीचे होते. खाली दिव्यांचे लहान लहान पुंजके होते. त्यातला मोरगावचा कोणता, ते सांगायला शेजारी कोणी नव्हते.