उर्दू पुस्तक क्रमांक एकोणीस

मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, महालातल्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला. "मॅडम, निर्लेखनाची यादी काढली आहे. त्यात तुमच्या वडिलांनी दिलेली पुस्तकं दिसतात. एकदा येऊन बघून जा."

निर्लेखन हा दप्तरी शब्द. फाटलेली, वाळवी लागलेली, कुणीच नेत नाही अशी पुस्तकं नोंदीतून कमी करायची, जागा मोकळी करायची. वाचनालय लहान, जागा कमी, तेव्हा ग्रंथपालांचंही चूक नव्हतं. पण माझ्या पोटात गोळा आला. अब्बा एम्प्रेस मिलमध्ये कारकून होते. आयुष्यभर जमवलेली ९४ उर्दू पुस्तकं त्यांनी घर बदलताना या वाचनालयाला दिली होती. "घरात राहिली तर आपलीच राहतील, तिथे सगळ्यांची होतील," असं ते म्हणाले होते.

२०२५ चा मे. १७ मार्चच्या रात्री महालात जे झालं ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. संचारबंदी उठून दोन महिनेही झाले नव्हते. गांधी गेटमधून आत येताना माझी पावलं अजून थोडी जपूनच पडत होती. अशा दिवसांत ग्रंथपालांनी आठवणीने फोन केला, हे आधी नमूद करते.

यादी संगणकातून काढलेली होती. उर्दू पुस्तक १, उर्दू पुस्तक २, उर्दू पुस्तक ३... थेट ९४ पर्यंत. लेखकाच्या रकान्यात सगळीकडे 'अज्ञात'. शेवटच्या रकान्यात, किती वाचकांनी नेलं त्यापुढे, ९४ शून्यं.

म्हणजे गालिबही अज्ञात आणि प्रेमचंदही अज्ञात!

तीन वर्षांपूर्वी वाचनालयाची सूची संगणकावर गेली. नोंदी करणाऱ्या मुलाला उर्दू येत नव्हतं. त्याने जुनी दाखल नोंदवही उघडली. तिथे पहिल्या ओळीत 'उर्दू पुस्तक (देणगी)' असं लिहिलेलं आणि खाली ९३ ओळींमध्ये नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. त्याने प्रामाणिकपणे तेच संगणकात भरलं. चूक यंत्राने केली नाही, कागदावरची जुनी चूक त्याने जशीच्या तशी उचलली. फरक इतकाच की कागदाच्या काळात वाचक कपाटापाशी जाऊन पुस्तक हातात घेत असे. आता तो आधी संगणकात शोधतो. तिथे नाव नाही, म्हणून कुणी मागत नाही. कुणी मागत नाही, म्हणून शून्य. शून्य, म्हणून निर्लेखन.

मी ग्रंथपालांना म्हटलं, "मला आठ दुपारी द्या. मी वाचते, कुणीतरी टाइप करा." तेही लगेच हो म्हणाले.

टाइप करायला तोच मुलगा बसला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, मले तर हे सगळं सारखंच दिसते." मी त्याला म्हटलं, "मलाही लहानपणी मोडीचा कागद तसाच दिसायचा."

सोपं वाटलेलं काम सोपं नव्हतं. युनिकोडमुळे आता मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरं एकाच चौकटीत लिहिता येतात. पूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीत आणि उर्दू इनपेजमध्ये अडकलेला असे. एका संगणकावरचं दुसऱ्यावर उघडलं की नुसते ठिपके आणि चौकोन. ते दिवस गेले. पण उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. नावापुढे खंड क्रमांक टाकला की तो उडी मारून भलतीकडेच जाऊन बसायचा. शेवटी क्रमांकासाठी वेगळा रकाना ठेवला.

मग त्या मुलाने सुचवलं की मोबाइलने फोटो काढू, अक्षरं आपोआप ओळखली जातील. मराठी पानाचा फोटो काढला, जवळपास सगळा मजकूर बरोबर आला. अब्बांच्या पुस्तकाचा काढला, तर निव्वळ गडबडगुंडा. कारण जुनी उर्दू पुस्तकं खिळे जुळवून छापलेली नाहीत. कातिबाने हाताने लिहिलं आणि दगडावरून छापलं. नस्तालीकमधली अक्षरं एकमेकांच्या खांद्यावरून तिरपी खाली उतरतात, शेजार बदलला की रूप बदलतात, नुक्ता कुणाचा ते ओळीच्या अंदाजाने ओळखायचं. उर्दूसाठीही अशी यंत्रं तयार होत आहेत आणि सुधारत आहेत. पण त्या दुपारी टेबलावर वाचणारं यंत्र मीच होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावांवर. माझ्या वर्गाच्या हजेरीपटात मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद आणि नुसता 'मो.' असे पाच प्रकार आहेत. शेख आहे, शेक आहे. माणसाला कळतं की नाव एकच. संगणकाला ही पाच वेगळी माणसं वाटतात. आम्ही सहज म्हणून संतकवी शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' शोधला. 'महंमद' लिहिलं तर सापडला, 'मुहम्मद' लिहिलं तर नाही. हा तर मराठी ग्रंथ! वाचनालयाच्या मराठी कपाटात सुखरूप असलेला. जुन्या कार्डांच्या खणात अशा वेळी एक जादा कार्ड असायचं, 'अमुक नावासाठी तमुक पाहा'. संगणकातही तशी सोय असते, पण ती कुणीतरी भरावी लागते. आम्ही भरली. गझल, गजल, ग़ज़ल, तिन्ही एकमेकांना जोडले.

प्रेमचंदांच्या 'बाजार-ए-हुस्न'पाशी आम्ही थांबलो. कादंबरी त्यांनी उर्दूत लिहिली, पण आधी छापून आली ती हिंदीत, 'सेवासदन' या नावाने. 'सेवासदन' वाचनालयात होतंच, हिंदीच्या कपाटात. दोन्ही नोंदी जोडताना मला १९३६ चं नागपूर आठवलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये याच शहरात भारतीय साहित्य परिषदेचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गांधीजी. देशाच्या भाषेला 'हिंदी-हिंदुस्थानी' म्हणायचं की 'हिंदुस्थानी', यावर मौलवी अब्दुल हक आणि त्यांचं बिनसलं आणि उर्दूवाले दुरावले. तेव्हा जे जुळलं नाही, ते आम्ही जुळवलं असा दावा नाही. एका लेखकाची दोन पुस्तकं एकमेकांना दिसतील एवढं केलं.

वर्गीकरण मात्र आपोआप सुटलं. ड्यूईच्या दशांश पद्धतीत उर्दू साहित्य ८९१.४३९ आणि मराठी साहित्य ८९१.४६. मध्ये बंगाली, ओडिया वगैरे येतात. ती पुस्तकं आमच्या वाचनालयात नाहीत. त्यामुळे आता उर्दूच्या शेवटच्या पुस्तकाला मराठीचं पहिलं पुस्तक टेकून उभं आहे.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? सगळं मोबाइलवर मिळतं की. खरं आहे. संचारबंदीच्या दिवसांत, रमजानच्या त्या लांब दुपारी, मी स्वतः रेख्ताच्या संकेतस्थळावर वाचत होते. तिथे लाखाहून अधिक पुस्तकं आहेत. शायरी उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिपींत दिसते, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो. रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरत असताना घरात बसून एवढं मोठं ग्रंथालय उघडता आलं, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पण उर्दू पुस्तक क्रमांक एकोणीस तिथे नाही. म्हणजे 'दीवान-ए-गालिब' आहे, अनेक आवृत्त्यांत आहे. अब्बांची प्रत नाही. मिलच्या कचेरीत काम करता करता ते मराठी शिकले. त्या प्रतीच्या समासात पेन्सिलने त्यांनी उर्दू शब्दांपुढे मराठी शब्द लिहिले आहेत. जिगर, काळीज. तगाफुल, दुर्लक्ष. पुढे 'दुर्लक्ष' खोडून 'कानाडोळा' केलं आहे. हे पान मी त्या मुलाला दाखवलं. त्याने न सांगता नोंदीत टीप घातली, 'समासात मराठी शब्दार्थ, हस्तलिखित'.

जुलैमध्ये ग्रंथपालांनी सांगितलं की क्रमांक एकोणीस बाहेर गेलं आहे. नेणारा बडकस चौकातल्या एका दुकानात काम करणारा तरुण. मराठीत गझल लिहितो, उर्दू लिपी येत नाही. त्याने आधी चॅटबॉटला विचारलं होतं की गालिब मराठीतून समजून घ्यायला कोणतं पुस्तक वाचू. चॅटबॉटने नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं ठासून सांगितलं. ग्रंथपालांनी अर्धा तास शोधलं. असं पुस्तकच नव्हतं! ही यंत्रं कपाट बघून उत्तर देत नाहीत, शोभतील असे शब्द जुळवून देतात. हे माझ्या विद्यार्थ्यांना मी रोज सांगते. मग ग्रंथपालांनी आमच्या सूचीत 'गझल' लिहिलं आणि ती टीप समोर आली.

पुढे तो मला वाचनालयात भेटला. एका हाताला उघडं पुस्तक, दुसऱ्या हाताला मोबाइलवर त्याच गझलेची देवनागरी. मोबाइलवर शेर वाचायचा, पुस्तकात अब्बांचा शब्द बघायचा. म्हणाला, "मॅडम, हा कानाडोळा कोणी लिहिला?" मी सांगितलं.

निर्लेखनाच्या यादीतून ८७ पुस्तकं वाचली. सात वाळवीने खाल्ली होती, ती गेली. ग्रंथपाल आता नवीन उर्दू पुस्तक आलं की मला व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठाचा फोटो पाठवतात आणि मी नाव देवनागरीत लिहून पाठवते. दोन मिनिटांचं काम आहे.

तुम्हाला एक विनंती. तुमच्या गावच्या वाचनालयात संगणक आला असेल तर जा आणि आपल्या एखाद्या लेखकाचं नाव चार तऱ्हांनी लिहून शोधा. सापडलं नाही तर तक्रार नंतर करा. आधी विचारा, नोंद करायला मी बसू का?