लसणाशिवाय मोफोंगो

मोफोंगो! नाव वाचून हसू नका मंडळी, पोर्तो रिकोत हे नाव आपल्या पुरणपोळीच्या मानानं घेतात. माझी भावजय तिथली. लग्नाला चार वर्षं झाली, पण औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी ती पहिल्यांदा आली गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन चातुर्मासात. आणि तिला आईला स्वतःच्या हातचं काहीतरी करून घालायचं होतं.

पदार्थ तसा सोपा. हिरव्या केळ्यांचे इंच-इंचाचे तुकडे मध्यम आचेवर सोनेरी तळायचे, कडक होऊ द्यायचे नाहीत. गरम असतानाच लसूण, मीठ आणि ऑलिव्ह तेल घालून लाकडी खलात कुटायचे, वाटीत दाबून मूद पाडायची. तिकडे त्यात डुकराची कुरकुरीत तळलेली कातडीही घालतात. ती भावजयीनं न सांगताच वगळली आणि शेंगदाणे भाजून भरडले. (आपली भाजीची केळी तिकडच्यापेक्षा पाणचट, तेव्हा जरा जास्त वेळ तळा.)

लसणाचं मात्र अडलं. आईचा चातुर्मास म्हणजे कांदा-लसूण बंद, गेली चाळीस वर्षं. भावजयीचं म्हणणं, लसूण काढला तर उरतं ते तळलेलं केळं, मोफोंगो नव्हे. दोघींचंही बरोबर! मध्ये दुभाषा म्हणून भाऊ. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मला तो हट्टच वाटला होता. पण मग तिनं त्या पदार्थाची गोष्ट सांगितली. केळं मूळचं आपल्या आशियातलं. ते आफ्रिकेत गेलं, पुढे कॅनरी बेटांवर, आणि १५१६ साली एका स्पॅनिश धर्मगुरूनं तिथून कॅरिबियनमध्ये नेलं असं सांगतात. लसूण, ऑलिव्ह तेल स्पॅनिश लोकांचं. कुटून गोळा करायची रीत मात्र पश्चिम आफ्रिकेतली, गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर आलेली. पोर्तो रिकोत गुलामगिरी संपली ती १८७३ मध्ये. त्या माणसांचं गाव गेलं, भाषा गेली, नावंसुद्धा गेली. हातात कुटणं तेवढं राहिलं.

"आमच्यातलं आधीच खूप वगळलं गेलंय, आई," ती म्हणाली.

भावानं ते मराठीत सांगितलं. आई काही बोलली नाही. मला माळ्यावरचा दगडी खल काढायला लावला. "हा तिला दे. लोखंडी खलबत्ता मी घेते."

मग दोघी शेजारी बसून कुटत होत्या. एका खलात लसूण, दुसऱ्यात आलं-मिरची-जिरं. दोन मुदी पडल्या, सोबत टोमॅटोचं सार. भावजयीनं आईची मूद चाखली आणि विचारलं, "याला काय म्हणायचं?"

"केळ्याचा ठेचा म्हण," आई म्हणाली. मोफोंगो म्हणाली नाही, बरं का!

आईनं लसूण खाल्ला नाही, भावजयीनं सोडला नाही. तरी त्या दिवसापासून आईच्या तोंडी "त्याची बायको" जाऊन "सूनबाई" आलं.

तुळशीचं लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "मंडईत जाशील तर अर्धा डझन कच्ची केळी आण गं. आणि लसूण सोलायला बस."