उरलेली चौकट

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला काढले की माणसाचा खरा स्वभाव बाहेर पडतो, असे माझे एक जुने मत आहे. जगात माणसांच्या दोनच जाती आहेत: एक जपून ठेवणारी आणि दुसरी फेकून देणारी. आमच्या देवणीच्या घरात अण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्या जातीचे. सुतळीचा तोडा, औषधाची रिकामी बाटली, पत्रिकेचे कोरे पाकीट, काही म्हणून ते टाकू देत नाहीत. मी दुसऱ्या जातीचा. मोकळी भिंत दिसली की मला समाधान वाटते. या मतभेदापायी आमचे पुष्कळ वाद झाले. पण जो व्हायला हवा होता तो वाद कधी झालाच नाही, आणि तोच मला अजून खुपतो.

अण्णांचा धंदा स्क्रीन-छपाईचा. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ताणून बसवायचे. त्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा, मजकुराची फिल्म ठेवून चौकट उन्हात धरायची आणि मग पाण्याने धुवायची. अक्षरांच्या जागचा लेप निघून जातो आणि तेवढीच जाळी उघडी राहते. त्यावर शाई घालून रबरी पट्टीने एक हात ओढला की खालच्या कागदावर मजकूर उमटतो. सांगायला सोपे; पण तो हात सगळ्यांना साधत नाही. जोर जास्त झाला तर शाई पसरते, कमी झाला तर अक्षर अर्धे राहते.

1986 साली अण्णांनी बाजारात एक खोली भाड्याने घेऊन हा धंदा मांडला. आमच्या गावाचे नाव देशभर पोचवले ते देवणी जातीच्या गाईबैलांनी. पण पंचक्रोशीतल्या नवरा-नवरींची नावे घरोघर पोचवली ती आमच्या अण्णांनी, असे आम्ही गमतीने म्हणत असू. 1999 साली देवणी तालुका झाला तेव्हा तर त्यांना जेवायला सवड मिळेनाशी झाली. दर खंडेनवमीला सगळ्या चौकटी भिंतीशी ओळीने मांडून ते त्यांना हळदकुंकू वाहत. मग फ्लेक्सचे फलक आले. लग्नाची आमंत्रणे मोबाइलवर जाऊ लागली. उरलेसुरले करोनाने केले आणि 2021 साली दुकान बंद झाले. चौकटी घरी आल्या आणि मागच्या खोलीतल्या भिंतीला लागल्या.

गेल्या दिवाळीत अण्णा लातूरला दवाखान्यात होते. साखरेचा आजार त्यांना दहा वर्षांपासून, पण तपासायचे नाव काढले की "मला काय धाड भरलीय?" हे उत्तर ठरलेले. पायाला लागलेली ठेच चिघळली आणि एक बोट काढावे लागले. ते तिकडे असताना मी इकडे घर झाडले. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबात घालायला वाळलेले लाकूड हवे होते. मी मागच्या खोलीत गेलो आणि अण्णांच्या चौकटी एकेक करून मोडल्या. वाळके सागवान होते, सुरेख पेटले. पाणी इतके कढत निघाले की मुलांनी बंबाचे कौतुक केले.

भाऊबिजेनंतर अण्णा घरी आले. काठी टेकत मागच्या खोलीत गेले, मोकळ्या भिंतीकडे काही वेळ पाहत राहिले आणि बाहेर येऊन एवढेच म्हणाले, "बंबाला लाकूड कुठलं मिळालं?" मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. पण त्या दिवसापासून ते साखर तपासायला बोट पुढे करीनात. डॉक्टरांनी रोज तपासायला सांगितले होते. यंत्र घरात, पट्ट्यांची डबी घरात, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. पुढच्या पायाची भीती मला रात्री झोपू देत नसे.

ही कोंडी फोडली माझ्या मुलीने. ती पुण्याला भौतिकशास्त्र शिकते. मे महिन्यात सुटीला आली, सारा प्रकार ऐकला आणि आजोबांना काहीही उपदेश न करता तिने एक कोरी पट्टी आणि त्यांचेच जुने भिंग त्यांच्या हातात दिले.

"आजोबा, हे कसं छापलं असेल?"

अण्णा उठून बसले. पट्टी उजेडाकडे धरून त्यांनी कितीतरी वेळ पाहिली. पांढऱ्या प्लॅस्टिकवर काळे पट्टे. "शेवऱ्या गाईसारखी दिसते," ते म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "ही स्क्रीनची छपाई आहे. पट्ट्याच्या कडेला जाळीचे दात उमटलेत, बघ."

ते खरे होते. सगळ्याच कंपन्यांच्या पट्ट्या अशा नसतात. काहींवर सोन्याचा किंवा पॅलेडियमचा पातळ थर असतो. पण पुष्कळ पट्ट्यांवरचे काळे पट्टे म्हणजे कार्बनच्या शाईने जाळीतून केलेली छपाई असते. ग्राफाइट म्हणजे आपल्या पेन्सिलीतले शिसे, आणि त्याच्या जोडीला कार्बनची काळी पूड. ही पूड पणतीवर धरलेल्या काजळीची सख्खी नसली तरी चुलत बहीण खरी. शाई वाळली की तिच्यातले कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यातून वीज वाहते. पट्टीच्या टोकाशी एक विकर असते. रक्ताचा थेंब लागला की ते त्यातल्या साखरेवर काम करते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन काळ्या पट्ट्यावर येतात, आणि जितकी साखर जास्त तितका प्रवाह मोठा. यंत्र तो मोजून आकडा दाखवते. विकराच्या मदतीने साखर मोजण्याची ही कल्पना 1962 साली अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी मांडली. पण ती घराघरांत शिरली ती छपाईमुळे. 1987 साली पेनाएवढे यंत्र आणि छापलेली पट्टी बाजारात आली आणि जे काम प्रयोगशाळेत होत होते ते ओसरीवर होऊ लागले.

"म्हणजे आमच्याच धंद्यातलं!" अण्णा म्हणाले.

मग त्या दोघांची शाळा सुरू झाली आणि मी आपला दाराशी बसून ऐकत राहिलो. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमधली विजेची वाट चिनीमातीच्या चकतीवर चांदीच्या शाईने अशीच जाळीतून छापीत. शेतातल्या सौरपंपाच्या पत्र्यावर काचेखाली ज्या बारीक पांढुरक्या रेघा दिसतात, त्याही छापलेल्या चांदीच्याच. आता शास्त्रज्ञांना ही वाट वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर, कागदावर, कापडावर छापायची आहे. अडचण अशी की चिनीमातीवरचा लेप साडेआठशे अंशांवर भाजता येतो. प्लॅस्टिक तर दीडशेच्या आसपासच हात टेकते. म्हणून कमी उष्णतेत वाळणाऱ्या शाया शोधाव्या लागतात. चांदी महाग, तांबे स्वस्त पण हवेने काळवंडते. प्लॅस्टिकच्याच जातीचे पदार्थ वीज वाहू शकतात हे 1977 साली दिसून आले, आणि त्याबद्दल हीगर, मॅक्डायर्मिड व शिराकावा यांना 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुण्याला पाषाण रस्त्यावर सी-मेट ही सरकारी संस्था आहे. छपाईच्या चांदीच्या लेपांवर तिथे संशोधन झालेले आहे. कानपूरच्या आयआयटीत तर या विद्येचे राष्ट्रीय केंद्रच आहे.

या विद्येचे नाव ऐकून मला हसू आले. ‘फ्लेक्सिबल इलेक्ट्रॉनिक्स’! एका फ्लेक्सने अण्णांचे दुकान बसवले आणि दुसरा फ्लेक्स त्यांचीच जाळी मागायला दारात उभा!

त्या दिवशी अण्णांनी आपण होऊन बोट पुढे केले. आकडा आला 268. भिंगातून त्यांनी वापरलेली पट्टी पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "छपाई चांगली आहे, आकडा वाईट आहे." मग जरा थांबून म्हणाले, "पण एकदा वापरून फेकायची, हे काही बरं नाही." जपणारी जात अशी सहजासहजी बदलत नाही! तेव्हापासून मात्र रोज सकाळी ते आपल्या जुन्या हिशेबाच्या वहीत आकडा मांडतात. पथ्यही पाळतात. आकडा आता दीडशेच्या आसपास असतो.

पोळ्याला मुलगी पुन्हा आली. येताना तिने विजेच्या चांदीच्या शाईची एक इवलीशी डबी आणली होती. धान्याच्या कोठीमागे एक चौकट माझ्या नजरेतून सुटून राहिली होती, ती अण्णांनी काढली. तिला नवी जाळी ताणली. बैलांना रंग लावण्याची गावात धांदल, आणि आमच्या ओसरीवर ही वेगळीच रंगपंचमी! प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर दोन रेघा छापायच्या, मंद तव्यावर वाळवायच्या, एका टोकाला बटणासारखा सेल आणि दुसऱ्या टोकाला मोहरीएवढा दिवा चिकटवायचा. पहिली छपाई मुलीने केली. दिवा लागेना. तिने सेल बदलला, दिवा उलटा करून पाहिला. अण्णांनी कागद उजेडाकडे धरला. "इथं जाळी बुजली होती. रेघ तुटलीय. पत्रिकेतली वेलांटी तुटली तर वाचणारा समजून घेतो. वीज कशाला समजून घेईल?" त्यांनी जाळी पुसली, थेंबभर थिनर घातले आणि रबरी पट्टी हातात घेतली. हात जरा थरथरत होता. पण ओढताना तो थरथरला नाही.

दिवा लागला. मुलीने कागद वाकवला तरी तो लागलेलाच राहिला.

त्या रात्री अंगणात मी अण्णांच्या बाजेशी बसलो. मनात म्हटले, आता नाही सांगितले तर कधीच सांगता येणार नाही.

"अण्णा, त्या चौकटी मी जाळल्या."

"मला माहीत आहे. सागवानी होत्या."

पुढे बराच वेळ कोणीच बोलले नाही. गोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या नव्या घुंगरमाळा वाजत होत्या. मग ते कुशीवर वळले आणि म्हणाले, "सुताराला उद्याच सांगून ठेव. चार तरी करून घे. खंडेनवमीला पूजेत एकच चौकट बरी दिसत नाही."