गावात न गायिलेले गाणे

आमच्या आजोबांच्या माडीवर शिसवी टेबलावर एक चावीचा ग्रामोफोन असे. पोर्तुगीज अमदानीत तो पणजीस विकत घेतला होता, असे घरी सांगत. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांच्या तबकड्यांच्या जोडीला त्याच्या कप्प्यात एक परकी तबकडी होती; शेजारवाड्यातील एका ख्रिस्ती स्नेह्याने ती नाताळात भेट दिलेली. आम्हां मुलांना तिच्यातला एक शब्द कळत नसे. परंतु खरखरीतून एक भरदार, पुरुषी, तरीही वरच्या पट्टीत सहज चढणारा आवाज उमटू लागला की, आमचे धाकटे काका हातातले पान तसेच धरून ऐकत राहत. तो आवाज एन्रिको कारुसोचा होता.

एका वकिलाने परमुलखातील गवयाविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु कारुसोच्या चरित्रात एक प्रकरण असे आहे की, ते वाचताना आम्ही वकील राहत नाही. पिंजऱ्यात उभे राहतो.

ऑपेरा म्हणजे, ढोबळ मानाने, आपल्या संगीत नाटकाचाच प्रकार. मात्र त्यात बहुधा अथपासून इतिपर्यंत सारे गाऊनच सांगायचे असते. मागे मोठा वाद्यवृंद, समोर हजारोंचा समुदाय, आणि ध्वनिक्षेपक नाही. त्यातील पुरुषाच्या उंच आवाजाला टेनर म्हणतात. कारुसो हा असा टेनर. 1873 साली नेपल्स शहरात एका कारखान्यात खपणाऱ्या गरीब माणसाच्या घरी त्याचा जन्म झाला. देवळात गाता गाता तो तयार झाला आणि 1895 साली नेपल्सच्याच रंगभूमीवर प्रथम उभा राहिला. पुढे रशियात, दक्षिण अमेरिकेत ब्वेनोस आयरिसला त्याचे गाणे झाले. 1901 साली मिलानच्या स्काला नाट्यगृहात, तोस्कानिनी वाद्यवृंदाचे संचालन करीत असता, दोनिझेत्तीच्या ‘लेलिझिर दामोरे’ या ऑपेराने त्याला कीर्ती मिळवून दिली.

तीच भूमिका घेऊन तो त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या गावी, नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात आला. गावातील रसिकांचे एक प्रतिष्ठित मंडळ होते; नव्या गवयाने आधी त्यांच्या भेटीस जावे, असा तेथला शिरस्ता. कारुसो गेला नाही, असे सांगतात. स्वागत थंड झाले. वर्तमानपत्री टीका बोचरी आली. त्याने ठरलेले प्रयोग पुरे केले, कराराचा भंग केला नाही. परंतु त्यानंतर नेपल्समध्ये पुन्हा कधी गायचे नाही, असा निश्चय केला आणि तो अखेरपर्यंत पाळला.

नेपल्सने नाकारलेला हा आवाज जगाने कसा उचलला, ते पाहण्यासारखे आहे. 1902 च्या एप्रिलमध्ये मिलानच्या एका हॉटेलात फ्रेड गेसबर्ग नावाच्या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने त्याची दहा गाणी मुद्रित केली. मोबदला शंभर पौंड. ही रक्कम अवाच्या सवा आहे, मुद्रण करू नये, अशी तार लंडनहून आली होती. ती आपण मानली नाही, असे गेसबर्गने पुढे सांगितले. मुखत्याराने अधिकाराबाहेर जाऊन केलेला करार मालकाने नफा पाहून मुकाट्याने मान्य करावा, याचे इतके सुरेख उदाहरण आम्हांस कायद्याच्या पुस्तकांतही आढळले नाही. हाच गेसबर्ग त्याच वर्षी समुद्र ओलांडून कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. आमच्या माडीवरील त्या कप्प्यात आपली आणि परकी गाणी शेजारी नांदत होती, त्याचे मूळ असे एका माणसाच्या प्रवासात आहे.

त्या तबकड्या ज्या वर्षी निघाल्या, त्याच वर्षी कारुसो लंडनला गायिला. 1903 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात आला, आणि तेथे त्याचे आठशेहून अधिक प्रयोग झाले. 1906 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘कार्मेन’ गाऊन तो झोपला आणि पहाटे भूकंपाने जागा झाला. 1919 साली मेक्सिको शहरात बैलझुंजीच्या अफाट मैदानात गायिला. नेपल्सला मात्र सुट्टीत आप्तेष्टांना भेटण्यापुरता जाई. 1920 च्या डिसेंबरात ब्रुकलिनला त्याच ‘लेलिझिर दामोरे’च्या प्रयोगात त्याच्या घशातून रक्त येऊ लागले, रुमालामागून रुमाल भिजत असता तो पहिला अंक संपेपर्यंत गात राहिला. नाताळच्या पूर्वसंध्येस शेवटचा प्रयोग झाला. फुप्फुसाच्या विकाराने, शस्त्रक्रियांनी खंगलेला तो मायदेशी परतला आणि 2 ऑगस्ट 1921 रोजी नेपल्समध्येच वारला. वय अवघे 48. अंत्यविधीसाठी राजाने राजमंदिराचे द्वार उघडविले आणि सारे शहर रस्त्यावर लोटले. जिवंतपणी त्याने गावासाठी एक स्वरही पुन्हा काढला नव्हता.

आता आमच्या काकांविषयी. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना, श्रावणातील भजनी सप्ताहात, रात्रीच्या पाळीला काका सभामंडपात अभंग गात होते. तान जरा लांबली. एका वजनदार महाजनांनी हात वर करून त्यांस थांबविले आणि म्हटले, “हे देऊळ आहे, नाटकाचा तंबू नव्हे.” काकांनी टाळ खाली ठेवले, देवीला नमस्कार केला आणि ते उठले. कोणी काही बोलले नाही. आमचे वडीलही बोलले नाहीत. पुढे काका नोकरीनिमित्त बडोद्यास स्थायिक झाले. तेथे गायिले, इंदूरला गायिले, बेळगावला गायिले. जत्रेला न चुकता गावी येत, दीपस्तंभापाशी उभे राहून पालखीचे दर्शन घेत, प्रसादाला पंगतीत बसत; पण सभामंडपात त्यांचा आवाज पुन्हा कोणी ऐकला नाही.

गतवर्षी चैत्रात देवस्थानच्या कमिटीने ठराव केला की, काकांस श्रावणाच्या सप्ताहाला सन्मानाने बोलवावे. पत्राचा मसुदा करण्याचे काम, अर्थातच, आमच्याकडे आले. कमिटीतील एका वृद्ध सभासदांनी सुचविले की, पत्रात ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत’ असे एक वाक्य असावे. ते वाक्य आम्ही काढले. दिलगिरी म्हणजे दोषाची कबुली. त्या महाजनांचे वारस हयात आहेत. उद्या कोणी हरकत घेईल. असा आमचा युक्तिवाद. मग ‘गैरसमज’ हा शब्द घातला, तो कमिटीला पसंत पडेना. तीन मसुदे झाले. वैशाख संपला. ज्येष्ठातल्या एका पहाटे बडोद्याहून फोन आला, आणि पत्र फायलीतच राहिले.

नेपल्सने कारुसोला कधी क्षमा मागितली की नाही, या वादात आम्ही पडत नाही. त्या शहरापाशी निदान एवढे समाधान तरी होते की, त्याच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या. आमच्या काकांची एकही तबकडी नाही. त्यांचा आवाज आता आमच्या गावात कोठेच नाही, आणि त्याला कारण तो हात वर करणारा महाजन एकटाच नव्हे. एक शब्द खोडणारी आमची लेखणीही आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही तो पहिला मसुदा फायलीतून काढला, खोडलेले वाक्य पुन्हा लिहिले, कमिटीपुढे ठेवले. या वेळी कोणी हरकत घेतली नाही. ज्याच्या नावे पत्र, तो हयात नसता त्या पत्राला कायद्यात किंमत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. ते आम्ही बडोद्याला काकूंच्या नावे पाठविले असून, चुलतभावाने सप्ताहात वडिलांच्या पाळीला सभामंडपात बसावे, अशी विनंती केली आहे. तोही गातो, असे ऐकतो. उत्तर अद्याप आलेले नाही. श्रावणाला अजून दोन महिने आहेत.