वजन उतरावे, ताकद नव्हे

वजनकाटा नेहमी अर्धेच सत्य सांगतो. किती किलो उतरले ते तो सांगतो. काय उतरले ते सांगत नाही. पासष्टी ओलांडलेल्या माणसाचे वजन पाच-सहा किलोंनी घटते, तेव्हा त्यात चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले, हा प्रश्न घरात सहसा कोणी विचारत नाही. कौतुक मात्र होते. पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यात रुग्ण तपासताना हा न विचारलेला प्रश्न मला वारंवार भेटतो. म्हणून आज तोच आपल्यापुढे ठेवते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. वय ६८, मधुमेह आणि पोट सुटलेले. मुलाने आणि सुनेने मनावर घेतले, स्वतः त्यांनीही निश्चय केला. सकाळी तासभर चालणे, दुपारी दोन फुलके आणि भाजी, रात्री सूप किंवा एखादे फळ. सहा महिन्यांत ८१ किलोंचे ७१ झाले आणि साखरही सुधारली. नातेवाइकांत त्यांचे उदाहरण दिले जाऊ लागले. पण त्याच काळात पाटावर बसून जेवणे सुटले. बोईसर स्थानकाचा पूल कठड्याला धरून, दोनदा थांबून चढावा लागू लागला. एका पहाटे शौचालयात बसल्यावर त्यांना उठताच येईना आणि पत्नीला हाक मारावी लागली. ही गोष्ट त्यांनी मला खाली मान घालून सांगितली. घरच्यांनी तिला ‘आता वय झाले’ असे नाव दिले होते. वय तर झालेच होते. पण सहा महिन्यांत दहा वर्षांनी कोणी म्हातारा होत नाही. त्यांच्या दहा किलोंबरोबर मांड्यांचे आणि दंडांचे मांसही गेले होते.

शरीराची रीत अशी आहे की, गरजेपेक्षा कमी अन्न मिळाले की ते साठा मोडून खाते. त्या साठ्यात चरबी असते तसे स्नायूही असतात. स्नायूंना काम नसेल आणि आहारात प्रथिने अपुरी असतील, तर शरीर ते ‘अनावश्यक’ समजून मोडीत काढते. मुळात तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही अंश आपोआप घटत असतो आणि साठीनंतर ही घट वेग घेते. त्यात उपासमार आली, की तारुण्यात जे सहज भरून निघाले असते ते या वयात निघत नाही. पुढे वजन पुन्हा वाढले, तर परत येते ती बहुतांशी चरबी. म्हणून वारंवार वजन घटवणारा आणि वाढवणारा ज्येष्ठ दर फेरीत थोडा अधिक दुबळा होत जातो.

आपल्या लोकांसाठी हा धोका अधिकच महत्त्वाचा आहे, कारण आपला देह मुळातच स्नायूंनी कमी आणि चरबीने अधिक असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसे आतून इतकी निराळी! दिसायला सडपातळ असूनही पोटाशी चरबी बाळगणारी मराठी माणसे म्हणूनच मधुमेहाला लवकर बळी पडतात. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, हे आपल्यासाठीचे माप ध्यानात ठेवा. वजनापेक्षा ते अधिक खरे बोलते.

मग चरबी घटावी आणि स्नायू टिकावे, यासाठी काय करावे? २०१७ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने याचे नेमके उत्तर दिले. पासष्टीपुढील १६० स्थूल स्त्री-पुरुषांना चार गटांत विभागले गेले. तीन गटांना मोजका आहार दिला. त्यांपैकी एकाला चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम, दुसऱ्याला वजने उचलण्याचा ताकदीचा व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्क्यांनी घटले. म्हणजे काट्याला फरक दिसलाच नाही. फरक होता तो आत. फक्त दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन ५ टक्क्यांनी कमी झाले, दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्क्यांनी आणि फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचे २ टक्क्यांनी. खुब्याच्या हाडांची झीजही केवळ दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांत सर्वांत जास्त झाली. जिना चढणे, खुर्चीतून उठणे अशा रोजच्या हालचालींची क्षमता एकेकट्या व्यायामाने १४ टक्क्यांनी सुधारली. दोन्ही एकत्र करणाऱ्यांत ती २१ टक्क्यांनी सुधारली.

आपल्याकडे वजन घटवण्याची चर्चा निघाली की डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेला विचार पुढे येतो : दिवसातून दोनदाच जेवा, ते ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दिवसभर तोंड चालू ठेवण्याची सवय मोडावी आणि माणसे घराबाहेर पडून चालू लागावीत, हे त्याचे मोल मी मान्य करते. पण सत्तरीतल्या माणसाला तो जसाच्या तसा लागू करताना दोन गोष्टींचा विचार हवा. दात गेलेल्या, भूक मंदावलेल्या माणसाला दोनच जेवणांत पुरेशी प्रथिने पोटात घालणे कठीण जाते. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण टाळले, तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येऊ शकते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण बंद करू नये.

आता चालण्याविषयी. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग पुरे. बोईसरच्या रस्त्यांवर टँकर आणि ट्रकची वर्दळ असते. तेथे जीव मुठीत धरून चालण्यापेक्षा वसाहतीतले मैदान किंवा शाळेचे पटांगण बरे. केळवे-चिंचणीची किनारपट्टी जवळ असेल तर उत्तमच; मात्र गुडघे दुखत असतील तर भुसभुशीत वाळू टाळून ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस बाहेर पडू देत नाही आणि चार महिन्यांचा खंड वर्षभराची कमाई घालवतो. त्या दिवसांत घरातल्या घरात, ओटीवर किंवा इमारतीच्या व्हरांड्यात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या माराव्यात. आणि एक हिशेब मनात असू द्या : अर्ध्या-पाऊण तासाच्या चालण्याने जितकी ऊर्जा खर्च होते, ती एका वडापावाने सहज भरून निघते. नुसत्या चालण्याने पोट उतरत नाही, ते यामुळेच.

ताकदीचा व्यायाम म्हटला की ज्येष्ठांच्या डोळ्यांपुढे तालीम आणि लोखंडी वजने उभी राहतात. पण जाते ओढणे, विहिरीचे पाणी शेंदणे, पाट्यावर वाटणे हा आपल्या आजीचा ताकदीचाच व्यायाम होता. तो गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही, एवढेच. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती देऊन, पुढील चार गोष्टी कराव्यात. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. भिंतीवर तळवे टेकून उभ्याने जोर काढणे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे. पाण्याने भरलेल्या लिटरभराच्या बाटल्या दोन्ही हातांनी खांद्यापर्यंत उचलणे. प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, थोडे थांबून पुन्हा तितकाच. बारा वेळा सहज जमू लागले की थोडी भर घालावी. कारण स्नायू वाढतो तो श्रमाने, सवयीने नव्हे. श्वास रोखू नये. मोठ्याने आकडे मोजत गेल्यास तो आपोआप मोकळा राहतो.

या वयात काय होणार, असे कोणी म्हटले तर त्यांना बोस्टनची हकिकत सांगावी. तेथील एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात नव्वदीच्या घरातील दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा असा व्यायाम करून घेतला गेला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. स्नायू जन्मतारीख वाचत नाही.

आहाराचे सूत्र सोपे आहे : पिष्ट, गोड आणि तेल कमी, प्रथिने अधिक. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्येष्ठांना १ ते १.२ ग्रॅम हवीत. साठ किलोंच्या आजींना म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री खिचडी, अशा आहारात त्याच्या निम्मीही प्रथिने पडत नाहीत. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ आणि शंभर ग्रॅम मासळीत सुमारे अठरा ग्रॅम असतात. सातपाटीचा पापलेट परवडत नसेल तर मांदेली, बोंबील, करंदी आहेतच. सुक्या बोंबलात तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. फक्त रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेली मासळी टाळावी. शाकाहारी घरांत घट्ट वरण, मोड आलेले मूग-मटकी, दही, पनीर, सोयाबीन यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. वाडा कोलमचा भात सोडू नका, त्याची मूद लहान करा. डहाणू-घोलवडचा चिकू एक खा, चार नव्हे. आणि उपवासाची साबुदाणा खिचडी हा हलका आहार नव्हे. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते.

वर सांगितलेल्या गृहस्थांनी आहारात दोन अंडी, वाटीभर दही आणि घट्ट वरण वाढवले, चालणे अर्ध्या तासावर आणले आणि खुर्चीचा व्यायाम सुरू केला. चार महिन्यांनी त्यांचे वजन दीड किलोने वाढले होते, त्यामुळे घरचे थोडे हिरमुसले. कंबर मात्र आणखी दोन इंचांनी उतरली होती आणि पूल ते न थांबता चढत होते.

घरच्या मंडळींना एक विनंती. ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो’ या वाक्यात प्रेम असते, पण त्याने पाय अधू होतात. पाण्याचा तांब्या त्यांना स्वतः घेऊ द्या, भाजीची हलकी पिशवी उचलू द्या, देवपूजेला जमेल तोवर खाली बसू द्या. आपण पडू नयेत म्हणून जवळ उभे राहावे. त्यांचे काम हिसकावून घेऊ नये.

काही सावधगिरी आवश्यक आहे. छातीत दुखणे, चालताना धाप, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने विचारल्याशिवाय वाढवू नयेत. महिन्याला एक ते दोन किलोंपेक्षा वेगाने वजन उतरवू नये. सत्तरीपुढे वजन थोडेसेच जास्त असेल तर ते घटवण्याच्या मागे लागू नये, ताकद वाढवावी. आणि काहीही न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी घटले, तर आनंद मानू नये. क्षय, थायरॉइड, मधुमेह, कर्करोग यांची ती पहिली खूण असू शकते; तपासणी लगेच करावी.

या पंधरवड्यात वजनकाटा जरा बाजूला ठेवा. बेंबीच्या पातळीवर फीत लावून कंबर मोजा. मग जवळ कोणाला तरी उभे करून, हात छातीशी दुमडून, खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा आणि वेळ पाहा. १५ सेकंदांपेक्षा अधिक लागले, तर पायांची ताकद कमी पडते आहे असे समजावे. हे दोन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना वजनाआधी हे दोन आकडे सांगा.