बाजरीची भाकर

पंडिता रमाबाईंनी आपल्या दुष्काळातील दिवसांची जी हकीकत लिहून ठेवली आहे, तीत एक लहानसा प्रसंग येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे नुकतेच गेलेले. उपासमारीने अंथरुणाला खिळलेल्या आईला बाजरीची भाकर खावीशी वाटली. पुराणे सांगून मिळेल त्यावर जगणारे, पण भीक मागण्याची लाज बाळगणारे हे कुटुंब. मुलगी एका घरी गेली; मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईने दयेने तुकडा हाती दिला. आईला तो खाता आला नाही. थोड्याच दिवसांत तीही गेली.

पुढे 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरविले, तिची वाणी त्या उंबऱ्याशी अडली होती. केलेल्या अपराधाची निदान क्षमा तरी मागता येते. हातून जे घडलेच नाही, त्याची क्षमा कोणाकडे मागावी?

1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण एवढ्याने मनाला शांती लाभली नाही, हे त्यांनीच पुढे प्रांजळपणे नमूद केले. धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असा त्यांच्या कबुलीचा आशय आहे. आठ वर्षांनी विल्यम हॅस्लॅम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. व्यासपीठावरून स्वतःचेच प्रवचन करीत असता ज्याचे अंतःकरण पालटले, असा हा गृहस्थ! आपण आधी योग्य ठरावे आणि मग देवाने स्वीकारावे, हा क्रमच उलटा आहे, हे तेव्हा कोठे रमाबाईंना उमगले.

या पालटाचा अर्थ ग्रीक नवा करार वाचताना अधिक स्पष्ट होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदाच्या पस्ताव्यासाठी जे क्रियापद येते, ते 'मेटानोइया' या शब्दाच्या कुळातले नव्हे. मेटानोइया म्हणजे मनाचे वळणे. आपल्या 'पश्चात्ताप' या शब्दात मागाहून होणारा दाह आहे, वळणे नाही; यहूदा त्या दाहातच संपला. पेत्रानेही कोळशांच्या विस्तवाशी शेकत गुरूला तीनदा नाकारले होते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी तसाच विस्तव पुन्हा पेटलेला दिसतो. त्यावर मासळी असते, भाकर असते. गुरू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि झाल्या गोष्टीचा जाब न मागता कळप चारण्याचे काम सोपवतो.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी अन्न शिजू लागले. जुने दुःख श्रद्धेने हलके झाले की कामाने, असा प्रश्न चिकित्सकांनी अवश्य करावा. रमाबाईंच्या लेखी तो उद्भवलाच नसता. दुष्काळाच्या त्या आठवणी त्यांनी दडपल्या नाहीत. 1897 साली, भुकेल्या मुलींसाठी मदत मागताना, त्या उघडपणे लिहिल्या. उंबऱ्याशी न फुटलेला शब्द आता इतरांसाठी, निःसंकोच, फुटला होता.

उत्तरायुष्यात त्या हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात गढून गेल्या. 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवलेले ते बायबल 1924 साली बाहेर आले.