२१ दिवसांचा हिशेब

प्रिय मनू,



पहाटे पाचला उठायचा नेम मोडला म्हणून ‘मावशी, माझ्यात शिस्तच नाही’ असं तू लिहिलंस. राज्यसेवेचा अभ्यास, अर्धा दिवस नोकरी, खोलीत आणखी तिघी आणि साडेबाराआधी दिवा मालवत नाही. पाचला उठली असतीस तर दुपारी अभ्यासिकेत पुस्तकावर डोकं टेकून झोपली असतीस.

‘२१ दिवसांत सवय लागते’ या ज्या वचनावर तू भिस्त ठेवलीस, त्याची कुळकथा ऐक. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढच्यांनी ‘किमान’ गाळलं आणि चेहऱ्याचा हिशेब उठण्याबसण्याला लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी रोज फळ खाणं, पळायला जाणं अशा सवयींची नोंद ठेवून पाहिलं. सवय मुरायला सरासरी ६६ दिवस; पण कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील, असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. तू तर एका खाड्यावरून स्वतःला नापास करून मोकळी झालीस!

म्हणून सवयींवरची तुझी ती पुस्तकं रद्दीत घाल, असं मी म्हणत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांचं एक सूत्र बऱ्याच प्रयोगांत टिकलं आहे: नुसतं ‘अभ्यास करीन’ म्हणण्यापेक्षा केव्हा, कुठे आणि काय ते आधीच ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते. ‘मेसवरून आले की खिडकीजवळच्या टेबलावर राज्यघटनेचं एक प्रकरण’, असं काहीतरी ठरव. आणि तुला ठाऊक असलेलं ते पोमोडोरो, म्हणजे टायमर लावून २५ मिनिटं एकाग्र अभ्यास करायची पद्धत. फ्रान्चेस्को चिरिलो इटलीत शिकत असताना त्याचं अभ्यासात लक्ष लागेना. तेव्हा टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून त्याने स्वतःशी पैज मारली, ती अवघ्या १० मिनिटांची. ती २५ मिनिटं नंतर आली.

या दोन्ही युक्त्या माणसाला कामाला बसवतात. तो कसा आहे याचा निवाडा करत नाहीत. सल्ला घ्यायचा तो याच कसोटीवर. पहाटे पाचचं वेळापत्रक ज्याने लिहिलं, त्याला चौघींची खोली आणि साडेबाराचा दिवा ठाऊक नव्हता. त्याच्या घडीत आपण बसलो नाही, तर दोष आपला कसा?

तेव्हा गजर साडेसहाचा लाव. आणि पूर्वपरीक्षा होईपर्यंत अप्पा बळवंत चौकात गेलीस तरी या विषयावरचं नवं पुस्तक घेऊ नकोस. त्या पैशांत रविवारी मैत्रिणींबरोबर मेसची फीस्ट जेव.

तुझी,
मावशी